धावपट्टीलाही इंटरलॉकिंग हवं

महोदय,

विमानप्रवासाच्या सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा इंजिन, वैमानिकांचं प्रशिक्षण आणि ब्लॅक बॉक्स यांच्याभोवतीच फिरते. मला लिहायचं आहे ते धावपट्टीबद्दल. माझी सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात गेली. त्यामुळे दोन विमानं एकाच धावपट्टीवर आल्याची बातमी वाचली की पहिला प्रश्न मनात येतो तो हा : लाइन मोकळी नसताना दुसरा आत शिरूच कसा शकला?

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं एअरबस ए350 उतरलं, तेव्हा तटरक्षक दलाचं छोटं विमान त्याच धावपट्टीवर सुमारे 40 सेकंद उभं होतं. दोन्ही आदळली. छोट्या विमानाला धावपट्टीच्या अलीकडे, बाहेरच थांबायला सांगितलं होतं. आत जायची परवानगी मिळाली, असा त्याच्या वैमानिकांचा समज झाला. मोठ्या विमानातले सर्व 379 जण जिवंत बाहेर पडले, याचं श्रेय त्या कर्मचाऱ्यांना द्यावं तेवढं थोडं. छोट्या विमानातले सहापैकी पाच जण मात्र गेले. आदल्या दिवशीच्या भूकंपातल्या लोकांसाठी मदतीचं सामान घेऊन ते निघाले होते. नियंत्रण मनोऱ्यातल्या पडद्यावर तेव्हा धावपट्टीचा रंग बदललेला होता. म्हणजे यंत्राला धोका कळला होता! पण त्या इशाऱ्याला आवाज नव्हता, नियंत्रकाचं लक्ष तिकडे गेलं नाही, आणि उतरणाऱ्या वैमानिकापर्यंत तर तो पोचण्याची सोयच नव्हती.

रेल्वेत रुळांमधून थोडासा वीजप्रवाह सोडलेला असतो, याला ट्रॅक सर्किट म्हणतात. गाडीची चाकं आली की दोन्ही रूळ जोडले जातात, रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो. मी नवा असताना आमच्या मेस्त्रींनी दोन रुळांवर आडवी तार टाकून मला हे दाखवलं होतं. गाडीचा पत्ता नाही, नुसती तार, तरी सिग्नल लाल. ती तार तिथे असेपर्यंत स्टेशन मास्तरांनी काहीही केलं असतं तरी तो हिरवा झाला नसता. माणूस कधीतरी चुकणार, हे धरूनच ही रचना केलेली आहे. धोका असताना सिग्नल हिरवा होऊच न देणाऱ्या अशा रचनेलाच आम्ही इंटरलॉकिंग म्हणतो.

धावपट्टीचा कारभार आजही बहुतांशी तोंडी चालतो. एकच रेडिओ वाहिनी, एका वेळी एकानेच बोलायचं. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. मनोरा आणि दुसरं विमान एकाच क्षणी बोलले, म्हणून उड्डाणाला निघालेल्या वैमानिकाला नुसती कर्कश शिट्टी ऐकू आली. 8 ऑक्टोबर 2001 ला मिलानच्या लिनाते विमानतळावर पुन्हा धुकं, पुन्हा धावपट्टीवर दोन विमानं, 118 मृत्यू. तिथला जुना जमिनीवरचा रडार 1999 मध्येच बंद केला होता आणि नवा सुरूच झालेला नव्हता.

हवेतल्या टकरीवर उपाय निघाला आहे. 1996 च्या चरखी दादरीच्या टकरीत 349 जण गेले, त्यानंतर टक्कर टाळणारं यंत्र आपल्याकडे सक्तीचं झालं. पण जमिनीजवळ ते ‘वर जा, खाली जा’ असे आदेश देत नाही. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर आदळलं, त्यात 67 जण गेले. तिथे वैमानिकांना नुसती सूचना मिळाली होती. आदेश मिळावा एवढी उंचीच नव्हती.

अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत लाल दिवे बसवले आहेत. वेगात येणारं विमान रडारला दिसलं की ते आपोआप लागतात, नियंत्रकाला बटण दाबावं लागत नाही. आमच्या ट्रॅक सर्किटचंच तत्त्व! हे दिवे प्रत्येक गजबजलेल्या विमानतळावर हवेत, जुन्या विमानतळांवर आधी. उपग्रहावरून आपली जागा ओळखून ती सतत प्रसारित करणारं उपकरण धावपट्टीवर येणाऱ्या प्रत्येक विमानावर आणि प्रत्येक गाडीवर हवं, अग्निशमनाच्या बंबावरसुद्धा. आणि ‘धावपट्टी मोकळी नाही’ हा इशारा मनोऱ्यात न अडकता थेट कॉकपिटमध्ये, आवाजासह पोचला पाहिजे.

विमान म्हणजे रेल्वे नव्हे, हे मला मान्य आहे. सिग्नल बिघडून लाल झाला तर गाडी उभी राहते, फार तर उशीर होतो. खोटा इशारा ऐकून शेवटच्या क्षणी विमान पुन्हा वर न्यायचं, तर त्यातही जोखीम आहे. आणि खोटे इशारे वारंवार आले की माणसं खऱ्याकडेही दुर्लक्ष करतात. म्हणून उपकरणांच्या चाचण्या कडक हव्यात. त्या कारणाने काम वर्षानुवर्षं लांबवू नये.

नियमही आधीच स्पष्ट हवा. 1 जुलै 2002 ला जर्मनीत यूबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानं जवळ आली, तेव्हा टक्कर टाळणारं यंत्र एका वैमानिकाला वर जा म्हणत होतं आणि नियंत्रक खाली ये म्हणत होता. वैमानिकाने नियंत्रकाचं ऐकलं, टक्कर झाली आणि 71 जण गेले. हवेत अशा वेळी यंत्राचं ऐकायचं, हा नियम त्यानंतर पक्का झाला. धावपट्टीच्या दिव्यांबाबतही तसंच लिहून ठेवावं : दिवा लाल असेल तर मनोऱ्याची परवानगी असली तरी विमान पुढे न्यायचं नाही, जागीच थांबून मनोऱ्याला विचारायचं.

आपला,
एक निवृत्त सिग्नल निरीक्षक