न दिलेल्या सुईबद्दल आभार

सप्रेम नमस्कार.

१९९९ च्या कारगिल युद्धात इन्फंट्री बटालियनच्या आर.ए.पी.वर (रेजिमेंटल एड पोस्ट, म्हणजे आघाडीलगतचं प्रथमोपचार ठाणं), दगडांच्या आडोशाला जखमी सांभाळणाऱ्या आर्मी मेडिकल कोअरच्या नर्सिंग असिस्टंट मंडळींना हे पत्र. तुमच्या धाडसाबद्दल इतर लिहितील. पुढच्या टप्प्यावर तुमचे जखमी हाती घेणारे आम्ही आभार मानतोय ते तुम्ही हात आवरलात म्हणून.

जखमी कण्हतोय, साथीदार ‘अजून एक इंजेक्शन दे’ म्हणून मागे लागलेत. अशा वेळी दुसरी सुई न देणं फार अवघड. पण थंडीनं आणि रक्तस्रावानं गारठलेल्या माणसाच्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, त्यामुळे इंजेक्शनातलं वेदनाशामक मॉर्फिन तिथंच साचून राहतं. दुखणं थांबेना म्हणून दुसरा डोस दिला, तर खाली उबेत आल्यावर दोन्ही एकदम रक्तात उतरतात आणि श्वास मंदावतो. जखमेतून वाचलेला औषधानं जातो. कपाळावर ‘एम’ (मॉर्फिन दिल्याची खूण) आणि वेळ लिहून पाठवलंत, तेवढ्यानं पुढचं सगळं सोपं झालं. डोक्याला मार असलेल्यांना तर पहिलीही सुई टाळायची, हेही तुम्ही जाणून होतात.

टर्निकेटचंही, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायच्या पट्ट्याचंही, तसंच. दाबून रक्त थांबत असेल, तर तो बांधायचाच नाही. सुरुंगानं पाऊल गेलं, तर मात्र लगेच: जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळून. मग कुणी कितीही म्हणो, ‘पाय काळा पडतोय, जरा सैल कर’, सैल करायचा नाही. दर वेळी धरू लागलेली गुठळी सुटते आणि थोडं थोडं करत माणूस रिता होतो. दोन तासांपुढे पट्ट्याखालचा भाग धोक्यात येतो, सहा तासांनंतर बहुधा कापावा लागतो. म्हणून पट्टा जितका खाली, तितका पाय जास्त उरतो. गुडघा उरला, तर पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवलेल्या पायावर चालणं कितीतरी सोपं जातं.

हिमदंशाच्या पायाला बर्फ चोळला नाहीत, स्टोव्हवर शेकला नाहीत. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. आणि वितळून पुन्हा गोठलेला पाय, गोठलेलाच राहिलेल्या पायापेक्षा जास्त नासतो. ३७ ते ३९ अंशांचं पाणी खालच्या रुग्णालयात मिळतं, तोवर थांबणंच शहाणपणाचं.

केलेल्या गोष्टींतली पहिली सांगतो: सलाईन जॅकेटच्या आत, छातीशी धरून ठेवणं. गोठलेली सलाईन चढत नाही, गार चढवली तर जखमी आणखी गारठतो, आणि गारठलेल्या रक्ताची गुठळी धरत नाही. शिवाय पट्टी जखमीच्याच खिशातली वापरायची, स्वतःची पुढच्यासाठी राखायची. साधा हिशोब, पण गडबडीत हटकून चुकणारा.

आणि हो, जखमीसोबत पाठवायच्या कार्डावर पेन्सिलनं लिहिलंत ते उत्तम. त्या थंडीत बॉलपेन उठत नाही, ओल्या कार्डावर शाई पसरते. लिहिलेली वेळ वाचता आली, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर आधी कुणाला घ्यायचं ते ठरवता आलं.

आपले,
पुढच्या टप्प्यावरचे सहकारी