विमानांच्या इतिहासात माणसं दिसू द्या

महोदय,
लढाऊ विमानांच्या इतिहासावरच्या मालिका मी शाळेत असल्यापासून पाहत आलो आहे. पूर्वी त्यांत म्हातारे झालेले वैमानिक स्वतः बोलत. बोलता बोलता मध्येच गप्प होत आणि कॅमेरा तसाच चालू राही. मार्च २०२५ मध्ये जॉन हेमिंग्वे वयाच्या १०५व्या वर्षी गेले आणि १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर जर्मनीशी झालेल्या हवाई लढाईतला, शेवटचा ज्ञात वैमानिकही उरला नाही. आता पडद्यावर संगणकावर रचलेल्या चकमकी असतात आणि कानठळ्या बसवणारं संगीत.

लोकांचा रस आटला म्हणतात. मला पटत नाही. संगणकावर स्पिटफायर हे त्या काळचं ब्रिटिश लढाऊ विमान उडवणाऱ्या पोरांना विचारा. नाक झटकन खाली घातलं की इंजिन का गुदमरतं, हे त्यांना हवं असतं. दोष कार्बोरेटरचा, म्हणजे इंधन आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा! जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट फवारलं जाई, म्हणून ती विमानं सूर मारून निसटत. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी इंधनाच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटीशी धातूची चकती बसवून हा त्रास बराच आटोक्यात आणला. त्या चकतीवर अख्खा भाग होऊ शकतो. एखाद्या वाहिनीने तो जरूर करावा.

– एक नियमित वाचक