वाऱ्यात ऑनिंग उघडताना

सर्व सदस्यांना नमस्कार. सध्या वारा वाढलाय, म्हणून मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) ऑनिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या बाजूला बाहेर उघडणाऱ्या कापडी छताबद्दल, कळकळीची विनंती.

संथ वाऱ्यापेक्षा अचानक येणारा झोत घातक. तो कापडाखाली शिरला की अख्खं ऑनिंग वर उचललं जातं, ते धरणारे बाहू वाकतात आणि वेळ वाईट असेल तर ते छतावर उलटून गाडीच्या भिंतीलाही इजा होते. म्हणून साधारण मीटरभर बाहेर आलं की लगेच त्याचे आधाराचे पाय खाली सोडा, मगच पुढे उघडा. पाय मेखांनी पक्के करा, वरून पट्टा टाकून ताणा. भुसभुशीत जमिनीत मेखांवर फार विसंबू नका, त्या सहज उपटतात. पाऊस असेल तर एक पाय थोडा खाली ठेवा, पाणी साचत नाही.

कापड फडफडू लागलं, पुढची दांडी उचलून आपटू लागली, की गुंडाळाच! एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने दांडी धरायची. हँडल कायम हाताशी असू द्या.

फिरायला जाताना आणि झोपताना ऑनिंग बंदच हवं, आकाश कितीही निरभ्र असलं तरी. ओलं गुंडाळलं असेल तर वारा पडल्यावर उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते.