बाकड्यावरच्या मावशींना

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातची पाळी. डायलिसिस विभागाच्या दाराबाहेर भिंतीला लागून एक लोखंडी बाकडं होतं आणि त्याच्या उजव्या टोकाला तुम्ही बसायचात. मांडीवर कापसाची पिशवी. आत तुमचे मालक, त्यांच्या शेजारच्या कॉटवर माझी आई. सात महिने आपण अशा शेजारी बसलो, पण मी तुमचं नाव विचारलं नाही आणि तुम्ही माझं. तुम्ही 'पोरी' म्हणायचात, मी 'मावशी', तेवढ्यावर भागलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. माण तालुक्यातल्या कुणाच्या नजरेस पडलं तर तुम्हाला वाचून दाखवतील.

मी पहिल्यांदा तिथं बसले तेव्हा आईची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळून पंधरा दिवस झाले होते. देव्हाऱ्यासमोर उभं राहणं मी सोडलं होतं. आईनं जन्मभर एकादशी चुकवली नाही, मग हे तिच्याच वाट्याला का, एवढंच डोक्यात घुमायचं. तुम्ही यातलं काही विचारलं नाही. विचारलंत ते असं, "केशरी कार्ड हाय न्हवं?" आणि मला हाताला धरून आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी नेलंत. डायलिसिस महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद दिले. मंजुरी आल्यावर पैसे भरणं थांबलं. बाबांनी दुकान विकायचं ठरवलं होतं. ते दुकान आजही उघडं आहे. पहिला नमस्कार त्याबद्दल.

मग आईच्या डाव्या हातात फिस्टुला केला. धमनी आणि शीर एकमेकींना जोडली, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिथं सुया टोचता येतात. ती तयार होईपर्यंत मानेतल्या नळीवर काम चालायचं. त्या हातात घट्ट काही घालायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रक्तदाबाचा पट्टासुद्धा बांधायचा नाही. बांगड्या उतरवल्या तेव्हा आई जेवढी रडली तेवढी शस्त्रक्रियेच्या वेळी रडली नव्हती. नवरा समोर उभा आणि हात मोकळा. मी तिला नियम समजावत बसले होते. तुम्ही आलात, तिच्या मनगटाला हळूच बोटं लावलीत, मग कान लावलात. "ऐक की ताई. आत जातं फिरतंय. जातं फिरतंय म्हंजी घरात दाना हाय."

खरंच तसाच आवाज येतो, घरघर. आई आता रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी उजव्या हातानं डावं मनगट चाचपते. जातं फिरतंय ना, ते बघते. मग हात जोडते आणि उठते. उजव्या हातात बांगड्या दुप्पट आहेत.

पाण्याचं तर मी विसरणारच नाही. चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं धरून आईला दिवसाला एक लिटर, आणि महिना एप्रिलचा. तिच्या कोरड पडलेल्या ओठांकडं बघवत नव्हतं. "पान्याचं आमाला शिकवू नगा, टँकरची वाट बघन्यात जल्म गेला," म्हणत तुम्ही युक्ती सांगितलीत. सकाळी लिटरची एक बाटली भरून ठेवायची. कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर पाणी झाडाला घालायचं. बाटली रिकामी, दिवस संपला. तहान लागली तर नुसती चूळ भरायची. आई तीर्थाची पळीसुद्धा त्यात मोजते. शहाळी घेऊन भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना परत कसं पाठवायचं तेही तुम्हीच शिकवलंत, कारण शहाळ्यातलं पोटॅशियम अशा माणसाच्या हृदयावर घाला घालतं. मी कौतुकानं आणलेलं कमी सोडियमचं मीठही त्याच कारणानं तुम्ही टाकायला लावलंत. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकून नव्या पाण्यात उकडायची, तेही ओतून द्यायचं. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आहारतज्ज्ञ बाईंचा शब्द न् शब्द पाठ होता.

एकदा मी तुम्हाला सांगितलं, की चार तासांत एका माणसासाठी मशीनला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. तुमचे हात थांबले. दाराकडं बघत बसलात. मग एक वात वळलीत आणि बाजूला ठेवलीत.

त्या दिवशी मी विचारलं, ही कसली?

लक्षवातींचं व्रत आमच्या आजीनंही केलं होतं, त्यामुळं मला वाटलं होतं, मालकांना बरं वाटावं म्हणून तुम्ही एक लाख वाती वळताय. तुम्ही म्हणालात, "मागायचं न्हाय काय. मिळाल्याली मोजायची." आणि दाखवत गेलात. ही एसटीत बसायला जागा मिळाल्याची. ही सुई एका टोच्यात लागल्याची. ही मालकांच्या अंगात पाणी कमी साठून वजन आज दोन किलोच वाढल्याची. ही सिस्टरनं हसून बोलल्याची. मी गप्प झाले. माझ्याजवळ मोजायला काही नाही, असं मी धरून चालले होते, आणि ती समजूत फक्त माझी होती.

मग तो बुधवार. मशीन चालू असताना आईचा रक्तदाब एकदम खाली गेला, आतून धावाधाव ऐकू आली, पडदा ओढला गेला. तुम्ही 'देवाचं नाव घे' असं म्हणाला नाहीत. कापूस माझ्या हातात दिलात. "वळ." माझ्या हाताला घाम होता, वात वळेना. तुम्ही बोटाला भस्म लावून दिलंत. चौथी वात झाली तेव्हा सिस्टर बाहेर आली, म्हणाली, सलाईन दिलंय, आता ठीक आहे, पाणी मागताहेत. ती चौथी वात मी जाळलेली नाही. पाकिटात आहे.

मग तुमच्या घराजवळ मशीनची सोय झाली. मालकांचे दोन-दोन तासांचे एसटीचे हाल संपणार म्हणून मला आनंद झाला, आणि पुढच्या सोमवारी बाकड्याचं उजवं टोक रिकामं बघून रडूही आलं. तुम्ही आदल्या शुक्रवारी सरकी काढलेला कापूस माझ्या पिशवीत कधी घालून गेलात, मला कळलंही नाही.

आई बरी होणार नाही, हे मला माहीत आहे. देव्हाऱ्यासमोर मी पुन्हा उभी राहते, पण मागत काही नाही. आजची सकाळ सांगते: सुई पहिल्याच टोच्यात लागली. बाटलीत संध्याकाळसाठी दोन कप उरलेत. शेजारी एक नवा मुलगा येऊन बसला, वडील आत आहेत, चेहरा माझा तेव्हा होता तसाच. मी त्याला आधी कार्डाचं विचारलं.

शंभराची एक अशा त्रेचाळीस जुड्या झाल्यात. तुमच्या लाखात धरणार असाल तर कुठं आणून देऊ, तेवढं कुणाकरवी तरी कळवा. मालकांना नमस्कार. त्यांच्या हातातलं जातं नीट फिरत असेल.

तुमची,
पोरी