फाशी आणि दाखलखारीज रजिस्टर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लेकीबाळींवरच्या अत्याचाराची बातमी आली की आपल्या संविधान चौकात मेणबत्त्या लागतात, ‘फाशी द्या’च्या घोषणा होतात. त्या बायांचा संताप मला कळतो, मीही तिथं उभी राहिले आहे. पण २०२३ पासून ती घोषणा माझ्या तोंडून निघत नाही.

मी हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. जूनअखेर आया पोरांची नावं घालायला यायच्या. जन्मतारीख विचारली की म्हणायच्या, “तान्ह्या पोळ्याले झाला जी मॅडम, त्या साली लय पूर आला होता.” मी बोटांवर हिशेब करून दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीत, एक तारीख मांडायची. तिच्यामुळे पुढं फार तर नोकरीचा अर्ज अडेल, एवढंच तेव्हा वाटे.

१९९४ साली पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यात गर्भवती बाई होती, लहान मुलं होती. त्या खटल्यात फाशी झालेला एक कैदी मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं आपल्या नागपूरच्या कारागृहातून सुटला. बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख निघाली १ फेब्रुवारी १९८२. गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा! त्या वयाच्या मुलाला आपल्या कायद्यात फाशी नाहीच, जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. हा २८ वर्षं आत होता, आणि खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत सगळ्यांनी त्याची फाशी कायम केलेली होती.

माझ्यासारख्याच कुण्या मास्तरानं लिहिलेली ती ओळ. आमच्या एका शाळेत पावसाळ्यात छत गळून जुनी रजिस्टरं लगदा झाली होती, आम्ही ती फेकून दिली. त्यात कुणाची काय तारीख होती, आता कोण सांगणार?

राहिला फाशीच्या धाकानं गुन्हे थांबतात, या म्हणण्याचा मुद्दा. वर्धा रोडवरच्या याच कारागृहात ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला फाशी झाली. मी अजनीत राहते, कारागृह इथून जवळच. त्यानंतर या शहरातले खून थांबलेले मला तरी दिसले नाहीत, तुमच्याच अंकात रोज वाचते. कॅनडानं १९७६ मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली, पुढं तिथं खुनांचं प्रमाण घटत गेलं. वर्गातली पोरंसुद्धा छडीच्या जाडीला भीत नाहीत, बाई नेमकं आपल्यालाच पकडणार हे कळलं की भितात. आपल्याकडे साक्षीदार फुटतात, तपासणीचे अहवाल महिनोन्‌महिने अडकतात, हे गुन्हेगाराला पक्कं ठाऊक असतं. मोर्चा निघावा तो यावर.

विधी आयोगानं ऑगस्ट २०१५ मध्ये दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळून फाशी रद्द करा, असं सुचवलं होतं. विदर्भातल्या खासदारांनी तो अहवाल संसदेत पुन्हा काढावा, अशी माझी विनंती आहे. माणूस जिवंत असला तर तीस वर्षांनी का होईना, त्याचं रजिस्टर शोधता येतं.

– एक निवृत्त मुख्याध्यापिका, अजनी, नागपूर