लेकरांची चूळ आणि बाभळीची साल

चोपडा,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "मुलाच्या हिरड्यांतून रक्त येतं, वहिनीने मेडिकलमधून चूळ भरायचं निळं औषध आणलंय, ते देऊ की तुमच्याकडचा काही झाडपाला आहे?" तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून नीट बोललो नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. याच गोष्टीत मी माझ्या लेकीच्या बाबतीत चुकलोय, भो, म्हणून आज शाळा सुटल्यावर वर्गातच बसून लिहितोय.

गेल्या वर्षी पोरगी सात वर्षांची होती. तिच्या हिरड्या सुजल्या म्हणून जळगावला दाताच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दात साफ केले, चूळ भरायच्या क्लोरहेक्सिडीन या औषधाची बाटली लिहून दिली आणि दोन आठवडे वापरा, मग बंद करा असं सांगितलं. सूज उतरली. आम्हाला वाटलं, गुण आला तर बंद कशाला करायचं? बाटली संपली की मी दुसरी आणायचो. तीन महिने असेच गेले. एक दिवस आई ओसरीवर तिची वेणी घालत होती, एकदम म्हणाली, "आंडेरना दात काया कसा व्हई ग्यात रे?" (पोरीचे दात काळे कसे झाले रे?) पाहतो तर पुढच्या दातांवर हिरडीलगत तपकिरी रेघ आणि जिभेवरही तसाच थर. पोरगी आरशात पाहून रडली. चार दिवस वर्गात तोंडावर हात ठेवून बोलायची. मीच तिचा बाप आणि त्याच शाळेतला मास्तर, मला ते रोज दिसत होतं.

पुन्हा जळगावला गेलो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण समजावून सांगितलं. हे औषध दाताला आणि गालाच्या आतल्या कातडीला चिकटून राहतं आणि कित्येक तास थोडं थोडं सुटत राहतं, म्हणून तर ते इतकं जोरकस. पण त्याच चिकटपणामुळे चहाचा रंगही दातावर धरला जातो. आमच्या घरी पोरं सकाळ-संध्याकाळ चहात टोस्ट बुडवून खातात, हे तुला ठाऊक आहे. शिवाय जिभेची चव बदलते, दातांवर कीटणही लवकर चढतं. डाग वरवरचे होते, पॉलिश केल्यावर निघाले. औषध वाईट नाही, हे मात्र मी तुला स्पष्ट सांगतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा सूज फार असताना डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात, तेव्हा ते उपयोगी पडतं. आम्ही ते रोजच्या पाण्यासारखं वापरलं, तिथे बिघडलं.

तेव्हापासून मी झाडपाल्याच्या चुळेकडे वळलो. आधी वाचलं, विचारलं, मगच सुरुवात केली. त्रिफळ्यावर आपल्या देशात शाळकरी मुलांवर अभ्यास झालेले आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वयोगटातली १४३१ मुलं होती. त्रिफळ्याच्या चुळेने दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज जवळपास क्लोरहेक्सिडीनइतकीच कमी झाली. याचं कारण तुरटपणात आहे. त्रिफळ्यातले हिरडा, बेहडा, आवळा, तसंच बाभळीची साल, पेरूची पानं या सगळ्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. ते हिरडीची कातडी आवळून धरतं आणि जंतूंना दाताला चिकटू देत नाही. दात किडवणारा जो मुख्य जंतू, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, तो साखरेपासून डिंकासारखा पदार्थ करतो आणि त्याच्या आधाराने दातावर बस्तान मांडतो. ती चिकटण्याची क्रियाच अडली तर निम्मं काम झालं. पण असे बरेच अभ्यास थोड्या मुलांवर आणि थोड्या दिवसांचे आहेत. त्यामुळे आमचा काढा कीड थांबवतोच, असं मी कोणाला छातीठोकपणे सांगत नाही. सूज आणि थर कमी होतो, एवढं माझ्या घरी मी पाहिलं.

आम्ही काय करतो ते सांगतो. एक चमचा त्रिफळा चूर्ण मोठ्या पेलाभर पाण्यात उकळायचं, अर्धं राहिलं की दुहेरी कपड्यातून गाळायचं, कोमट करायचं. पोरीने पहिल्या दिवशी तोंडात घेतलं आणि भिंतीवर थुंकलं, इतकं तुरट. मग मी उकळताना त्यात ज्येष्ठमधाची छोटी काडी टाकायला लागलो. ती गोड असते, पण त्या गोडीने दात किडत नाहीत. शेजारच्या मावशी म्हणाल्या, चमचाभर मध टाका. मी टाकला नाही. चुळेच्या पाण्यात मध म्हणजे दाताला साखरच. रात्री ब्रश झाल्यावर अर्धा मिनिट तोंडात खुळखुळवायचं, थुंकायचं, वर साध्या पाण्याची एक चूळ, कारण आवळ्याचा आंबटपणा दातावर राहू द्यायचा नाही. काढा रोजचा रोज करायचा. आपल्या चैत्र-वैशाखात तर संध्याकाळपर्यंतच त्याला वास येतो.

बाभळीची साल आमच्याकडे बांधाबांधावर आहे. माझे आजोबा तापीकाठच्या शेतात सकाळी बाभळीची कोवळी काडी चावत पाणी द्यायचे. ऐंशीच्या घरात गेले तरी त्यांचे दात शाबूत होते. पण आजोबांना रोज साखरेची गोळी, बिस्कीट, थंडा मिळत नव्हता, हेही लक्षात घे. भाकरी, भरीत, शेंगदाणे हेच रोजचं खाणं आणि सणाला मांडे, एवढंच त्यांचं गोडधोड. नुसत्या काडीला सगळं श्रेय देणं बरोबर नाही.

आणि आता आजीचं सांगतो, कारण झाडपाला म्हटला की माणसं आंधळी होतात. आजी मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, बोटाने हिरड्यांवर घासायची. तीही आपल्या मते घरची, निसर्गाची गोष्ट. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा पडला होता. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या हिरड्या मला काळ्या दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मायनी लाई दिन्हं, दात दुखत व्हतात." मी त्या रात्री जेवू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही आयांना बोलावून घेतलं, त्यांच्याशी तासभर बोललो. मिसरीत तंबाखू असते, तिची सवय लागते आणि तोंडाचा कॅन्सर होतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एका आईने ऐकलं. दुसरीच्या घरी मी अजून जातोय.

तसंच लवंगेचं तेल. दात दुखला की आपण कापूस भिजवून दाबतो. लेकराच्या कोवळ्या हिरडीला ते तेल नुसतंच लावलं तर पोळतं. आणि कडुनिंबाचं तेल पोराच्या तोंडात कधीच घालू नकोस. पानांच्या पाण्याची चूळ वेगळी आणि तेल वेगळं. लहान पोरांच्या पोटात ते तेल गेलं तर जिवावर बेततं.

तुझा मोठा आठ वर्षांचा आहे, त्याला थुंकता येतं, त्याला काढा चालेल. धाकटी साडेतीन वर्षांची. तिला कुठलंच औषध चुळेसाठी देऊ नकोस, निळंही नाही आणि आपलंही नाही. सहा वर्षांच्या आतली पोरं गिळून टाकतात. वहिनींना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला सांग, काही चुळांमध्ये अल्कोहोल असतं. "हर्बल" लिहिलेल्या बाटलीवरही तेवढंच लक्षपूर्वक वाचा. आणि डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन दिलं असेल तर त्याच्या जोडीला त्रिफळा देऊ नका, दोन्ही एकदम झाले तर डाग आणखी चढतील.

पण मित्रा, चुळेआधी मोठ्याचं तोंड उघडून बघ. खालच्या जबड्यात सगळ्यात मागची दाढ दिसते ना? ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, तिच्या जागी दुधाचा दात पडत नाही, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल ती" म्हणून सोडून देतात. ती आयुष्यभराची दाढ आहे. माझ्या वर्गात तिसरीच्या कितीतरी मुलांच्या त्याच दाढेला काळा खड्डा आहे आणि मला ते पाहून फार वाईट वाटतं. त्या दाढेच्या खाचेत कुठलीच चूळ पोचत नाही. तिथे ब्रशच लागतो, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, रात्री झोपण्याआधी, आणि हात तुझा, त्याचा नाही. आठ वर्षांच्या पोराला मागचे दात नीट घासता येत नाहीत. त्या खाचा बुजवूनही घेता येतात, डॉक्टरांना तेवढं विचार. गोड बंद करू नकोस, पण दिवसभर थोडं थोडं चघळणं बंद कर. प्रत्येक वेळी गोड खाल्लं की पुढे अर्धा तास तोंडात आम्ल राहतं आणि तेच दात किडवतं. केळीचे वेफर आणि बिस्किटं दाढेत चिकटून बसतात, त्यामुळे तो काळ आणखी लांबतो.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर काढ्यावर विसंबून राहू नकोस, डॉक्टरांना दाखव. अंगावर निळे डाग दिसले किंवा ताप असला तर एक दिवसही थांबू नकोस.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांना घेऊन ये. झोका बांधतोय, आंबेही उतरले असतील. पोरीच्या दातांवर आता एकही रेघ नाही, ती तुला स्वतःच दाखवेल.

वहिनींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझाच
मित्र

ता. क. शेजारचा मुलगा सोमवारी एसटीने तुमच्याकडे येतोय. त्याच्याजवळ बाभळीची साल दिली आहे, सावलीत वाळवलेली. बोटभर तुकडा पुरतो. उकळायला लोखंडी भांडं घेऊ नका, पाणी शाईसारखं काळं होतं. स्टीलचं घ्या.