जुन्या गाडीला 'जाड' ऑइल हा इलाज नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर गेल्या आठवड्यात एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना 'गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी झाली असेल, तर नेहमीपेक्षा जाड इंजिन ऑइल घालावे' असा सल्ला दिला गेला. हा सल्ला नवा नाही. गॅरेजमध्ये, सुट्या भागांच्या दुकानांत आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो वर्षानुवर्षे दिला जातो. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत २६ वर्षे मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला असून, या एका वाक्यामुळे चांगली इंजिने हकनाक झिजलेली पाहिली आहेत. वर्तमानपत्रात छापून आलेल्या सल्ल्यावर लोक विश्वास ठेवतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी १९९८ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० गेली दोन वर्षे माझी मुलगी पुण्यात वापरते. सकाळी गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर येतो, म्हणून तिने जवळच्या गॅरेजमध्ये दाखवले. 'इंजिन ऑइल खाते आहे, जाड ऑइल घालू' असे सांगून तिथे १५डब्ल्यू४० ऐवजी त्याहून दाट २०डब्ल्यू५० ऑइल भरले गेले आणि सोबत एक स्वस्त फिल्टर बसवला गेला. धूर तसाच राहिला. उलट त्यानंतर सकाळी गाडी सुरू केली, की ऑइलचा दाब कमी असल्याचे सांगणारा लाल दिवा चार-पाच सेकंद पेटलेलाच राहू लागला आणि तेवढा वेळ वरून टॅपेटचा, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, खडखडाट ऐकू येऊ लागला. दिवाळीत ती गाडी घेऊन नाशिकला आली तेव्हा मी इंजिन उघडून पाहिले. वॉल्व्हचे रबरी सील कडक होऊन त्यांना चिरा गेल्या होत्या. रात्रभरात थोडे ऑइल त्यांतून खाली झिरपत होते आणि सकाळी तेच जळून धूर येत होता. सील बदलल्यावर धूर थांबला. ऑइलच्या जाडीशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

ऑइलच्या डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ बहुतेक गाडीमालकांना कोणी समजावून सांगितलेला नसतो. १५डब्ल्यू४० मधील 'डब्ल्यू' हे 'विंटर'चे, म्हणजे थंडीचे अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर, त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. ४० क्रमांकासाठी हा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) दरम्यान असतो, तर ५० क्रमांकासाठी १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी शून्याखाली १५ अंशांवर होते, त्यामुळे निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही ते गोठून बसत नाही. परंतु पहाटेच्या गारव्यात ते १५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू ऑइलपेक्षा सावकाश वर चढते, आणि इंजिनाची बरीचशी झीज नेमकी त्याच वेळी होते. चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यातून, निघालेले ऑइल वरच्या, वॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचेपर्यंत तिथले धातूचे भाग आदल्या दिवशीच्या पातळ थरावरच एकमेकांवर घासत असतात. ऑइलचा दाब वाढला म्हणजे वंगण वाढले, असा समज करून घेणेही चूक आहे, कारण घट्ट ऑइल अरुंद वाटेने ढकलताना दाब वाढतो आणि प्रवाह मात्र कमी असू शकतो.

जाड ऑइलला कधीच जागा नाही, असे माझे म्हणणे नाही. बेअरिंगांमधली फट लाखभर किलोमीटरनंतर थोडी वाढते, आणि गाडीच्या पुस्तिकेतील तापमानानुसार दिलेल्या तक्त्यात बसत असेल, तर एक पायरी वर जायला हरकत नाही. मात्र तो तक्ता उघडून पाहिला पाहिजे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर त्या बदलाव्या लागतात. सील फाटले असतील, तर तेही. ऑइल जाड करून फक्त तो खर्च सहा महिने पुढे ढकलला जातो आणि दरम्यान दुसरीकडे नुकसान होते.

आता फिल्टरविषयी, कारण आपल्या सल्ल्यात त्याचा उल्लेखही नव्हता. ऑइलवर हजार-दीड हजार रुपये खर्च करणारा माणूस फिल्टरच्या किमतीत पन्नास-शंभर रुपये वाचवताना मी नेहमी पाहतो. मुलीच्या गाडीचा तो स्वस्त फिल्टर मी करवतीने कापून पाहिला. आत कागदाच्या घड्या मोजक्याच होत्या आणि त्यांची टोके नीट चिकटवलेली नव्हती. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची एक पातळ चकती असते, जी गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल परत चेंबरमध्ये उतरू देत नाही. या फिल्टरमध्ये ती इतकी कडक आणि वाकडी होती, की तिचा काही उपयोग होण्यासारखा नव्हता. रात्रभरात फिल्टर रिकामा होत होता, सकाळी पंपाला आधी तो भरावा लागत होता आणि दिवा तेवढा वेळ पेटलेला राहत होता. कंपनीने सांगितलेला फिल्टर आणि १५डब्ल्यू४० ऑइल घातल्यावर दिवा सेकंदभरात विझू लागला.

याहून महत्त्वाची एक गोष्ट फिल्टरच्या आत असते, ती म्हणजे बगल देणारी झडप. कागद तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असेल, तर ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाते, जेणेकरून इंजिन कोरडे पडू नये. म्हणजे थंडीत जाड ऑइल घातलेल्या गाडीत पहिली काही मिनिटे न गाळलेले ऑइल बेअरिंगांकडे जाण्याची शक्यता वाढते. ऑइल आणि फिल्टर यांची निवड एकत्रच करावी लागते, ती या कारणाने. कोणत्या दाबाला ती झडप उघडावी हे प्रत्येक इंजिनासाठी ठरलेले असते, त्यामुळे आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असे समजू नये. बसवतानाही जुन्या फिल्टरचा रबरी वॉशर इंजिनाला चिकटून राहिलेला नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे, कारण दोन वॉशर एकावर एक बसले, तर रस्त्यातच सगळे ऑइल बाहेर येते.

डब्यावरची दुसरी खूण म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची अक्षरे. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी असतात. पेट्रोलच्या ऑइलमधील नवी श्रेणी जुन्या श्रेणीची जागा घेऊ शकते, त्यामुळे मारुतीसारख्या गाडीत एसएन किंवा एसपी ऑइल निर्धास्त वापरता येते. प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या ॲम्बॅसेडर गाड्यांच्या मालकांनी मात्र थोडी अधिक काळजी घ्यावी. या इंजिनांत कॅमवर, म्हणजे कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर, सपाट टॅपेट घासत चालतात आणि त्यांना ऑइलमधील जस्त व फॉस्फरसच्या संयुगाचे संरक्षण लागते. फॉस्फरसमुळे सायलेन्सरच्या वाटेतील, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून २००४ मधील एसएम श्रेणीपासून ५डब्ल्यू३०, १०डब्ल्यू३० अशा पातळ ऑइलमध्ये त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले गेले. २०डब्ल्यू५० सारख्या ऑइलला ही मर्यादा लागू नाही. पद्मिनीला २०डब्ल्यू५० मानवत असेल, तर त्यामागे हेही एक कारण आहे, केवळ गाडीचे वय नव्हे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण घरोघरी जिवापाड जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, म्हणून हे आवर्जून सांगितले.

सिंथेटिक ऑइलने जुने सील खराब होतात, ही भीती आजच्या ऑइलबाबत बाळगण्याचे कारण नाही. पण वर्षानुवर्षे ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात साचलेला काळा गाळच कधी कधी गळतीची जागा बुजवून असतो, आणि तो धुऊन निघाला की आधीपासूनची गळती दिसू लागते. अशा इंजिनात फ्लशिंगची, म्हणजे इंजिन आतून धुणाऱ्या द्रवाची, बाटली ओतून गाळ एकदम सोडवू नये, तो चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतो. साधे, योग्य श्रेणीचे ऑइल दोन-तीन वेळा लवकर बदलणे अधिक सुरक्षित. फार न चालणाऱ्या गाडीतही वर्षातून एकदा ऑइल बदलावेच, कारण छोट्या फेऱ्यांत पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहते. डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर लगेच कार्ब्युरेटर तपासून घ्यावा.

पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून गाडी आणखी पाच वर्षे चालवणारे बहुतेक लोक हौशी नसतात, त्यांना दुसरी गाडी परवडत नसते. त्यांच्यासाठी माझी गॅरेजचालकांना विनंती आहे, की बिलावर नुसते 'ऑइल चेंज' न लिहिता ऑइलची श्रेणी, त्याची अक्षरे आणि फिल्टरचा क्रमांक लिहावा आणि डबा ग्राहकासमोर उघडावा. आपणही त्या पानावर दुरुस्ती छापावी, अशी विनंती करतो. कापलेला तो फिल्टर आणि त्याच्या शेजारी ठेवण्यासाठी चांगला एक फिल्टर कापून, असे दोन्ही मी जपून ठेवले आहेत. आपल्या छायाचित्रकाराला ते पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक